पंख्याचं बटण

दारव्ह्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोटं इतकी जाड की शर्टाची गुंडी लावतानाही दोनदा निसटते. काम सुरू करण्याआधी ते खडखडणारा पंखा बंद करतात, कारण वाऱ्यानं बारीक तुकडे उडतात. शेवटचा स्क्रू बसला की त्यांचा हात आधी पंख्याच्या बटणाकडे जातो.

मे महिन्याच्या दुपारी मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. हार्डडिस्क स्वतःच काढायला गेलो आणि आतला कनेक्टर उखडून बसलो होतो.

"वढलं काहून, सर? हे काय कपाशीची पऱ्हाटी हाय उपटाले?"

त्या हार्डडिस्कमध्ये एका कोलाम आदिवासी आजीच्या आवाजातल्या, तिच्या कोलामी भाषेतल्या गोष्टी होत्या. त्या दुसरीकडे कुठंच नव्हत्या, आणि आजीही आता नव्हती.

चाचांनी शिवणाच्या सुईनं वाकलेली एकेक पिन सरळ केली, मग केसाएवढ्या तारा सोल्डर केल्या. ती जाड बोटं जराही थरथरली नाहीत. दुकानातले आम्ही तिघं गिऱ्हाईक श्वाससुद्धा जपून घेत होतो.

शेवटचा स्क्रू बसला. लॅपटॉप सुरू झाला, मी फाईल उघडली आणि आजी बोलू लागली. चाचांचा हात बटणावर पोचला होता.

"कोन हाय?"

"कोलाम आजी. वारली मागच्या साली."

चाचांना कोलामी कळत नाही. कपाळावरचा घाम दाढीत उतरत होता, तरी हात बटणावर तसाच थांबला. आजीची गोष्ट पुरी संपली, तेव्हाच त्यांनी पंखा लावला.