चष्म्यातून आधी कोण

आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कित्येक वर्षं ती आम्हा भावांना आवाजावरून ओळखायची. धाकटा मोहोपाड्याला कारखान्यात लागलेला, मी पळसदरीला भात लावणारा. त्या साली खालापूरच्या शाळेत डोळ्यांचं फुकट शिबिर भरलं. डॉक्टर मुंबईचे, औषधं तिथल्याच व्यापाऱ्यांनी दिलेली, रोग्यांच्या जेवणाला आसपासच्या गावांचे तांदूळ आणि चष्मे कारखान्यातल्या कामगारांच्या वर्गणीतून. ही वर्गणी गोळा करणारा कोण, तर आमचा धाकटा.

इथून माझ्या पोटात दुखायला लागलं. पोतंभर तांदूळ मीही दिला होता. पण तांदळाचं काय, पेज झाली, आई प्यायली, विषय संपला. त्याचा चष्मा मात्र जन्मभर तिच्या नाकावर बसणार. "माझ्या धाकट्यानं डोळं दिलं," असं ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची, आणि तिचे पाय चेपत मी ते ऐकायचो.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा तिला नुसता उजेड दिसला, माणसं सगळी धूसर. नीट दिसणार ते जाड भिंगांचा चष्मा आल्यावर, महिन्याभराने. मी ठरवून टाकलं, त्या चष्म्यातून आईला पहिला मी दिसायचा. चष्मा कुणाच्या का वर्गणीतला असेना.

त्या दिवशी दाढी केली, पांढरा सदरा घातला. शाळेच्या व्हरांड्यात आईचा नंबर येत आला तसा धाकट्याला म्हणालो, "आयेला चहा आण रं, घसा सुकलाय तिचा." तो भोळा, गेला. डॉक्टरांनी चष्मा चढवला. मी समोर उभा, मुद्दाम गप्प. तोंडावरून ओळखू दे की.

आईने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि झटकन डोक्यावर पदर ओढला.

"भावजी, तुमी कशाला आलात हितं?"

भावजी म्हणजे माझे चुलते. बांधावरून त्यांचं आमचं बोलणं बंद होतं. आईच्या मनातला मी झुपकेदार केसांचा पोरगा. मधल्या काळात मला टक्कल पडलं, पोट सुटलं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तर कशाला सांगतोय.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आये, चहा."

"आलास रं," आई त्याला म्हणाली. "यांना कुणी बोलावलं?"

धाकट्याच्या हातातली बशी हसण्याने हिंदकळायला लागली.

"आये, मी हाय," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. "परत बोल."

"मीच हाय गं, आये."

तिने डोळे उघडले. "केस काय केलंस रं?"

परतताना टक्कल झाकायला मी टोपी घातली. टेंपोत ती आमच्या मध्ये बसली. धाकट्याला तिला किती काय दाखवायचं होतं. "आये, तो बघ नवा पूल." तिने मान वळवली नाही. खोपोली मागे पडली तरी ती माझ्याकडेच बघत होती. हाच का तो, याची खात्री करत असावी. धाकट्याचा चेहरा उतरला. चष्म्यांसाठी दारोदार फिरला होता बिचारा. मला वाईट वाटायला हवं होतं. मी टोपी काढली आणि तिच्याकडे आणखी थोडा वळून बसलो.