तीन दवाखान्यांची पुरवठामंत्री

आमच्या समोरच्या दारातल्या बाईला मी पुरवठामंत्री म्हणते. तोंडावर म्हणते. पाठीमागे मी याहून वाईट म्हणते, पण ते इथे नको.

ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पेशंटला खुर्चीत बसवायचं, त्याला धीर द्यायचा, डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यात हवी ती वस्तू ठेवायची आणि सामान मागवायचं. हे शेवटचं काम आपलं आहे असं तिला वाटायचं. डॉक्टरांना तसं वाटत नसे.

डॉक्टर तसा भला माणूस, पण स्कीम म्हटलं की पाघळायचा. कंपनीचा गुळगुळीत दाढीचा विक्रेता यायचा, "दहा घ्या सर, दोन फुकट" म्हणायचा, की आले दाढेत भरायच्या सिमेंटचे खोके. इतकं सिमेंट की दवाखान्यावर एक मजला चढला असता. निम्म्याची मुदत कपाटातच संपायची. आणि नेमके तेव्हाच हातमोजे संपलेले, बधिर करायचं इंजेक्शन संपलेलं, आणि पेशंट आ वासून बसलेला.

मग आमची मंत्रीण मागच्या दाराने सटकायची. त्या मजल्यावर दातांचे तीन दवाखाने, आणि मागचा व्हरांडा तिघांत एक. शेजारी एक डॉक्टरीणबाई, टोकाला एक म्हातारे डॉक्टर. तिघांचं आपसातलं बोलणं लिफ्टपुरतं, तेही हवापाण्याचं. पण त्यांच्या मदतनीस बायकांची व्हरांड्यात बिनबोभाट देवघेव चाले. हिने सिमेंट द्यायचं, शेजारणीने हातमोजे आणि इंजेक्शनं, टोकाचीने कापूस. डॉक्टरमंडळींना पत्ता नाही. हात पुढे केला की वस्तू येते, एवढंच त्यांना ठाऊक.

"अगं, हे तर चोरांचं सहकारी भांडार!" मी म्हटलं.

"चोरी कसली? गेलेलं सगळं परत येतं," ती म्हणाली. "परत येत नाही ती फक्त तुम्ही नेलेली साखर."

तेव्हा ती माझ्या वाटीत साखरच ओतत होती. तिच्या स्वयंपाकघरातसुद्धा दवाखान्याचा कायदा होता. जुनं पुढे, नवं मागे. मी गुपचूप वाटी उचलली.

पुढे एकदा डॉक्टर तिला म्हणाले, "सामानाचा खर्च झेपत नाही. असंच चाललं तर एक माणूस कमी करावं लागेल." दवाखान्यात माणसं दोनच. एक ती, आणि दुसरे डॉक्टर. डॉक्टर स्वतःला कमी करणार नव्हते हे उघड होतं.

तिच्या घरी नवरा दमेकरी. दोन जिने चढायचे तर मध्ये बसून घेतो, आणि आल्यागेल्याला सांगतो, "जरा वारा खातोय." घर तिच्या पगारावर. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पण रडत बसली नाही. तिने एक बेत केला. तिन्ही दवाखान्यांनी सामान एकत्र मागवायचं. व्हरांड्यात एकच कपाट. विक्रेता आला म्हणून नाही, तर वस्तू संपत आली म्हणून मागवायची. तिघांत मिळून सिमेंट मुदतीत संपेल, स्कीम खरोखरीच फायद्याची ठरेल, आणि तिची नोकरी राहील.

सराव माझ्यावर केला. मी डॉक्टर झाले, आरामखुर्चीत पाय पसरले आणि नाकातून म्हटलं, "हे बघा बाई, माझी क्वालिटी वेगळी आहे."

"अगदी अस्संच म्हणतील हो!" ती हसून हसून वाकली. तिचा नवराही हसला, आणि मग बराच वेळ खोकला.

अस्संच म्हणाले. सुट्टीच्या दिवशी तिने तिघांना चहाला बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझे पेशंट वेगळे. यांचं सामान मला कसं चालेल?" म्हाताऱ्यांचा हात म्हणे एकाच कंपनीवर बसलेला. हिच्या डॉक्टरांनी आणखी एक बिस्कीट उचललं.

बेत बुडतोय असं दिसलं, तशी ती बोलून गेली, "अहो मॅडम, पण तुम्ही तर कैक वर्षं यांचंच वापरताय! आम्ही तिघी व्हरांड्यातून देतो-घेतो ना. कुणाचं काही अडलं का?"

तिला वाटलं, पुरावा दिला की विषय संपला. विषय संपलाच.

"म्हणजे माझ्या कपाटात कुणीही हात घालतं?" डॉक्टरीणबाई उठल्या. म्हातारेही उठले. त्याच आठवड्यात तिन्ही कपाटांना कुलपं लागली. चाव्या डॉक्टरांकडे.

मग एका दुपारी एक आडदांड गृहस्थ खुर्चीत होता. दाढ अर्धी सुटलेली, बधिरपणा उतरत चाललेला. डॉक्टरांनी हात पुढे केला. तो तसाच राहिला.

"इंजेक्शन!"

"संपलंय, सर."

"मग आण ना, नेहमी आणायचीस तिथून!"

ती मागे धावली. शेजारणीने दार किलकिलं केलं. "ताई, चावी मॅडमच्या पर्समध्ये, आणि मॅडम गेल्यात जेवायला."

"टोकाला विचारू?"

"त्यांचंच संपलंय. ती आत्ता माझ्याकडेच येऊन गेली."

तो गृहस्थ गालाला रुमाल लावून, अर्ध्या दाढेनिशी निघून गेला, आणि मग ज्याच्या त्याच्यापाशी बोंबलत सुटला. पेशंट रोडावले. पगाराच्या दिवशी डॉक्टरांनी एक माणूस कमी केलं. ती पिशवी घेऊन जिना उतरत होती तेव्हा गुळगुळीत दाढीवाला वर चढत होता. त्याच्या खांद्यावर खोके होते.

तिने दुसरीकडे विचारून पाहिलं. जिथे जाईल तिथे एकच, "व्हरांड्यातल्या बाई त्या तुम्हीच ना?" तिन्ही डॉक्टरांनी आयुष्यात एकच गोष्ट मिळून केली, तिची बदनामी. त्या कामात मात्र कुणाची क्वालिटी वेगळी नव्हती.

आता ती घरीच असते. नवरा जिन्यात बसत नाही, कारण उतरतच नाही. त्याचा दम्याचा फवारा ती जपून वापरायला सांगते. मी थट्टा करते, पण ती उलट टोला देत नाही, आणि समोरून टोला आला नाही की माझीही जीभ जड होते.

परवा मी वाटी घेऊन गेले, या वेळी भरलेली. तिने फळीवरचा डबा काढला. जुनी साखर पुढे ओढायला सवयीने हात आत घातला, आणि तो तिथेच थांबला.

"ओता," ती म्हणाली.

मी ओतली. जुनी काही उरलीच नव्हती, त्यामुळे पुढे काय आणि मागे काय हा प्रश्नच आला नाही.