दोघांचा नाच, एकटीने

आमचा नाच पाहून बोर्डीतले लोक तोंडावर विचारायचे, "पडलीस की त्याने पाडलं?" समकालीन नृत्य म्हणजे जमिनीवर लोळणं, हे गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. मी वाद घालत नसे. आमच्या चिकूच्या वाडीतल्या शेडमध्ये क्रेट बाजूला सारून मी आणि माझा जोडीदार वर्षानुवर्षं एकच गोष्ट करून बघत होतो: एकाने आपला भार दुसऱ्यावर टाकायचा आणि दुसऱ्याने तो घेऊन हलायचं. तो तलासरीकडच्या पाड्यावरचा. पोटासाठी टेम्पो चालवायचा. तालमीला उशिरा यायचा आणि वर माझ्यावरच डाफरायचा. आम्ही नवरा-बायको नव्हतो, भांडायचो मात्र तसेच.

गेल्या पावसाळ्यानंतर अच्छाडजवळ ट्रकने त्याच्या बाइकला धडक दिली. तो जागीच गेला. मला रडू आलं नाही. त्याच्या घरी जाऊन आले, जेवले, झोपले. लोक म्हणाले, मोठी धीराची आहे. कसला डोंबलाचा धीर? आत काही हलतच नव्हतं.

डहाणूतला प्रयोग आधीच ठरलेला होता. तो रद्द न करता मी आमचाच नाच एकटीने करायचं ठरवलं, त्याची जागा रिकामी ठेवून. तो असायचा तिथे मी झुकायचे, थांबायचे, नसलेला हात धरायचे. प्रयोग संपला तेव्हा पहिल्या रांगेतली माणसं डोळे पुसत होती. "केवढं दुःख ओतलंस गं!" एक बाई म्हणाल्या. मी तर पुढे काय करायचं तेवढंच आठवत होते. मग आणखी बोलावणी आली. मी नाचत राहिले आणि मला काहीच होईना. हे असंच राहिलं तर नाच सोडावा लागेल, एवढं कळत होतं. त्याचंही वाईट वाटत नव्हतं.

सरावलीच्या प्रयोगाला त्याची आई आली, एसटी आणि रिक्षा बदलत. सगळे पांगले तरी ती मंडपातच बसून होती. मी शेजारी जाऊन बसले.

"ती मोकली जागा त्याची ना?" तिने विचारलं.

"हो, मावशी. ती मी कोणालाच देणार नाही."

मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"पितरांचं पान वर्सातून एकदा वाढायचं असतं, बाय. तू रोज वाढतेस." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तो नाय, तो नाय, हे मी किती वेला बघू? दुसरा कोण तरी घे. माझ्यासाठी घे."

मला पटलं नाही. रागच आला असता, पण तोही येत नव्हता. तिला नाही म्हणणारी मी कोण, म्हणून हो म्हटलं.

डहाणूत गरबा शिकवणारा एक जण ओळखीचा होता. त्याला शेडमध्ये बोलावलं. कुठे उभं राहायचं, भार कधी घ्यायचा, सगळं सांगितलं. माणूस गुणी, मन लावून ऐकत होता. गाणं लावलं नाही. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले, डोळे मिटले आणि मागे झुकले. त्याने मला अगदी व्यवस्थित झेललं.

"हात काढ!" मी ओरडले.

तो बिचारा घाबरला. "शुं थयुं मॅडम? माझं काय चुकलं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पाठीला लागलेला हात दुसऱ्या कोणाचा तरी होता, एवढंच. इतके महिने मी रिकाम्या जागेशी नाचत होते आणि त्या जागेत माझा जोडीदार होताच. आता तिथे दुसरा माणूस उभा होता. तो मेला, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तिथेच खाली बसले आणि गळा काढून रडले.