मुळ्ये सरांच्या नकाशावरची पट्टी

तीन आठवड्यांपूर्वी अलिबागहून मुळ्ये सरांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन आला. दुपारची वेळ, मी इथे आखातात, अल मनखूलच्या घरी भात टाकत होते. "कुंदाताई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. गॅस बंद करायचंही मला सुचलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. नाहीतर मुळ्ये सरांबद्दल लिहिणारे माझ्याहून चांगले पुष्कळ निघतील.

नव्वदच्या दशकात आमच्या भारतीय शाळेत सर इतिहास शिकवायचे आणि मी लायब्ररी सांभाळायचे. सर अजमानला राहायचे, पहाटे साडेपाचच्या शाळेच्या बसने यायचे, आणि बगलेत एक गुंडाळलेली पिवळी चादर असायची. त्या चादरीवर त्यांनी स्वतः नकाशा रंगवला होता. इस्लामी राज्याचा धडा आला की ती फळ्यावर टांगायची, मदिनेला टाचणी टोचायची आणि तिथून दोरे सोडायचे. पहिल्या चार खलिफांचा लाल, दमास्कसच्या उमय्यांचा पांढरा, बगदादच्या अब्बासींचा काळा. शंभर वर्षांच्या आत दोरा एकीकडे स्पेनला आणि दुसरीकडे सिंधला पोचायचा. "सर, बट हाऊ सो फास्ट?" असं कोणीतरी हमखास विचारायचं. सर म्हणायचे, "रोम आणि इराण एकमेकांशी लढून दमले होते, बाळा. आणि नुसतं जिंकून भागत नाही. दमास्कसच्या दप्तरात कितीतरी वर्षं जुनेच कारकून जुन्याच भाषेत लिहीत होते. त्यांना हाकललं नाही, म्हणून कारभार चालला." मी मागे उभी असले तर म्हणायचे, "यांची जहाजं आमच्या चौल बंदराला यायची, कुंदाताई. आता आम्ही इकडे आलो, फिटंफाट."

पण त्या चादरीवर, इराण आणि अरबस्तानाच्या मधल्या पाण्यावर, सरांनी 'पर्शियन गल्फ' लिहिलं होतं. भारतात छापलेल्या सगळ्या नकाशांत तेच असतं. इथे मात्र त्या समुद्राचं नाव अरेबियन गल्फ, आणि दुसरं नाव शाळेत दिसता कामा नये. दरवर्षी नवे अ‍ॅटलास आले की मी काळा मार्कर घेऊन बसायचे आणि पानं खोडत राहायचे. त्या वर्षी सरकारी तपासणी सोमवारी ठरली. पुस्तकं झाली, बोटं काळी झाली, आणि मला चादर आठवली.

"सर, तेवढं नाव बदला," मी म्हटलं.

"का म्हणून? नकाशा अब्बासींच्या काळचा आहे. त्या काळचे अरब भूगोलकार स्वतः त्याला फारसचा समुद्र म्हणत. मी त्यांचंच लिहिलंय."

"नकाशा त्या काळचा असेल हो, पण तुमचा व्हिसा आजचा आहे. तुमच्या मिहिरची दहावी दोन महिन्यांवर आली. व्हिसा कॅन्सल झाला तर पोरगा परीक्षा कुठे देणार? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

सर हसले. "विचारलं तर सांगीन ना मी. शिकलेला माणूस असेल, त्याला कळेल." मी चिडून निघून आले. शहाणपणाची मोठी हौस, असं मनात म्हटलं.

सोमवारी सकाळी प्रार्थना चालू असताना मी त्यांच्या वर्गात गेले. लायब्ररीच्या पुस्तकांच्या पाठीवर लावतो तशी लाल काठाची पट्टी घेतली, त्यावर 'अरेबियन गल्फ' लिहिलं आणि चादरीवर चिकटवली. सरांना सांगितलं नाही. मिहिरसाठी करतेय असं स्वतःला समजावलं, पण खरं सांगायचं तर मला माझीही भीती होती. नकाशे तपासल्याच्या कागदावर सही माझी होती.

तपासणीला आलेले गृहस्थ वयस्क, शांत. प्रिन्सिपॉलच्या मागे मी वर्गाच्या दाराजवळ उभी राहिले. सरांनी चादर टांगली, टाचणी टोचली आणि वळताना त्यांना पट्टी दिसली. लाल काठ बघून त्यांना कळलंच असणार. ते जरासे थांबले, माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. साहेब नकाशाजवळ गेले. कापडावर डिंक नीट धरला नव्हता. त्यांनी नखाने कोपरा उचलला, खालचं नाव वाचलं.

"हे का लिहिलं होतं?"

"त्या काळच्या अरब भूगोलकारांनी तसं लिहिलंय, म्हणून."

"मग झाकलं का?"

तिसऱ्या बाकावर मिहिर बसला होता. एक पाऊल पुढे टाकून 'मी झाकलं' म्हणायचं होतं... टाकलं नाही.

"मी घाबरलो, सर," मुळ्ये सर म्हणाले.

साहेबांनी पट्टी अंगठ्याने परत दाबून बसवली, वहीत काहीतरी लिहिलं, "खलास", म्हणजे अरबीत 'झालं', असं म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे गेले. मिहिर मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत होता.

पुढचे दोन महिने जीव टांगणीला. रोज वाटे, आज ऑफिसातून बोलावणं येईल. मिहिरची दहावी पार पडली. मग सरांना सांगण्यात आलं, पुढच्या वर्षी तुमची गरज नाही. कारण दिलं नाही आणि मला ते आजतागायत कळलेलं नाही. जाण्याआधी सर लायब्ररीची पुस्तकं परत करायला आले. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी..." तर म्हणाले, "मिहिरची परीक्षा झाली ना, कुंदाताई? बास मग." आणि मी खुशाल गप्प बसले. मोकळं वाटलं मला, हे लिहिताना लाज वाटते.

फोनवर वहिनींनी सांगितलं, की बापलेकांचं त्यानंतर कधी धड जमलं नाही. वाद झाला की मिहिर म्हणायचा, "आम्हाला खरं बोलायला शिकवलंत आणि स्वतः ऐन वेळी कच खाल्लीत." सर त्यावर काही बोलायचे नाहीत. आजारपणातही नाही बोलले. "तुम्ही होता ना तिथे," वहिनींनी विचारलं, "खरंच घाबरले होते का हो हे?"

मिहिर, आईला हे वाचून दाखव. पट्टी मी लावली होती. तुझ्या बाबांना ती तुम्हा मुलांबरोबरच, फळ्यासमोर उभं असताना पहिल्यांदा दिसली. त्या वर्गात घाबरलेलं माणूस एकच होतं, आणि ते दाराजवळ उभं होतं.