सवतीचं बोलावणं

लग्नाला तीस वर्षं झाली, पण आमचे हे कुठल्याही प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणालेले मला आठवत नाहीत. ते म्हणतात, "बघू." मला बघायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर म्हणाले, "बघू." वडील चक्रावले. म्हणाले, अहो, आत्ताच तर बघितलीत. शेवटी सासूबाई मध्ये पडल्या म्हणून माझं लग्न झालं. त्या सांगतात, हा जन्माला यायलासुद्धा दोन आठवडे उशीर करून आला, आतूनच बघू म्हणत असणार.

हे साबणाच्या कारखान्यात मेकॅनिक. वड्यांना कागद गुंडाळणारं एक जुनं मशीन बावीस वर्षं ह्यांच्याच हाताखाली चाललं. दुसऱ्या कुणी बटण दाबलं की ते हटकून कागद फाडायचं. मग रविवार नाही की दुखणंखुपणं नाही, बोलावणं आलं की हे निघाले. मी त्या मशीनला सवत म्हणते. गेल्या वर्षी कारखान्याने नवं मशीन घेतलं आणि हे जुनं परदेशातल्या एका कारखान्याला विकलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

कसला जातोय. दोन महिन्यांपूर्वी तिकडून निरोप आला, मशीन काही केल्या चालत नाही, माणूस पाठवा. साहेबांनी ह्यांना विचारलं, जाणार का? हे म्हणाले, "बघू." आता ऑफिसात बघूचा अर्थ हो असा घेतात, कारण बघू म्हणत म्हणत हे काम करूनच टाकतात. घरी बघूचा अर्थ नाही. आमच्या न्हाणीघरातला नळ सहा वर्षं बघूवर गळतोय. त्यामुळे झालं काय, तिकडे साहेबांनी पासपोर्टचे, व्हिसाचे कागद पुढे सरकवले, ह्यांनी मुकाट सह्या केल्या. आणि इकडे मी आमची मोठी बॅग नणंदेला देऊन टाकली. हे दोन्हीकडे बघू म्हणून मोकळे.

मंगळवारी ऑफिसचा ड्रायव्हर पाकीट घेऊन दारात उभा. आत तिकीट, शुक्रवारचं. सोबत एक कागद: मी स्वखुशीने जात आहे आणि सहा दिवसांत मशीन चालू करून देईन. खाली दोन चौकोन, हो आणि नाही. साहेबांनी निरोप दिला होता की बघूला चौकोन ठेवलेला नाही. उद्या सकाळी कागद आला नाही तर दुसरा मेकॅनिक जाईल, त्याचेही कागद तयार आहेत. जाता जाता ड्रायव्हरने विचारलं, तिकडच्यांनी मशीनचा आवाज काकांच्या फोनवर पाठवलाय, तो त्यांनी ऐकला का?

दुसरा मेकॅनिक म्हणजे होयबा. कारखान्यात त्याला सगळे हेच म्हणतात. समुद्र उपसशील का विचारलं, तर हो म्हणून बादली शोधायला जाईल. त्या मशीनला त्याने आजवर फक्त फडकं मारलंय.

हे घरी आले, कागद वाचला आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. सासूबाई म्हणाल्या, अरे, डावा चौकोन नाहीतर उजवा, त्यात बघायचंय काय? मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण ताट वाढताना बोललेच. म्हटलं, दोन वर्षांनी रिटायर व्हाल, मग विमान गच्चीतूनच दिसेल. भाषेची भीती वाटते का? त्यांनी आडवी मान हलवली. विमानाची? परत तेच. मग हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "तिथं दहा जण भोवती उभे राहणार. आणि नाही चाललं तर?"

बावीस वर्षं हा माणूस ज्या एका गोष्टीवर ताठ मानेने चालला, तीच परक्यांसमोर पणाला लागायची होती. त्यांच्या बघूत नुसता आळस असतो असंच मी धरून चालले होते. मी देवापुढे दिवा लावला. म्हटलं, तूच काय ते सुचव.

सुचलं ते सासूबाईंना. म्हणाल्या, तो ड्रायव्हर आवाजाचं काय म्हणत होता गं? मी ह्यांचा फोन घेतला आणि लावला.

टक्-फर्र. टक्-फर्र.

हे हात धुवायला उठले होते, ते तिथेच थांबले. डाव्या हाताने फोन ओढून घेतला, कानाला लावून तीनदा ऐकला. चेहरा लालबुंद.

"सुरी आधी पडतेय आणि कागद मागून येतोय," म्हणाले. "फर्र-टक् पाहिजे. कुणी हात लावला तिला?"

इतकी वर्षं हे मशीनला 'ते' म्हणत आले होते. 'तिला' ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

उष्ट्या हातानेच कागद मागायला लागले. मी म्हटलं, आधी हात धुवा, आज आपण काय जेवलो ते साहेबांना कशाला कळायला हवं? धुतले. होच्या चौकोनात इतक्या जोराने खूण केली की पेन खालच्या वर्तमानपत्रात उतरलं. मग होयबाला फोन लावला. तू कुठे जाऊ नकोस, गाडी दारात आली तरी बसू नकोस, असं बजावलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण हो म्हणाला असणार.

"कपडे किती दिवसांचे भरू?" मी विचारलं.

"चार."

कागदावर सहा होते.