चिखलात उभं राहू नये

नवरा कमरेपर्यंत चिखलात रुतला होता आणि खाडीला भरती लागली होती. होडी गाळात अडकली म्हणून तो ढकलायला उतरला. उभ्या उभ्या पाय ओढायला जायचा आणि आणखी खाली जायचा.

मी होडीतली फळी चिखलावर टाकली, तिच्यावर पालथी पडले आणि वल्हं पुढे केलं.

"हे धर, आणि पोटावर पड."

"पोटावर? कोणी बघितलं तर हसतील."

"हसू देत. आधी जिवंत राहा."

तो आडवा झाला तेव्हा कुठे पाय सुटले. पाणी फळीवर चढलं तरी मी ओढतच होते.

नात नेरूळला सिनेमाचं लिखाण शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, हीरो घर सोडतो, संकटात पडतो, मग स्वतः उठून उभा राहतो. शेवटी आजोबांना उभं करू या."

"उभा राहिला म्हणूनच रुतला ना. आणि घरातून तर मीही निघाले होते."



तिने हवं ते लिहावं. सारसोळ्याच्या खाडीतल्या त्या गाळातून त्याला मी ओढून काढलं. आम्ही दोघंही वाचलो.