खडेकाका आणि सासूबाईंचा पाटा

खडेकाका माणसं चपलांवरून ओळखत. चेहऱ्यांशी त्यांचा फारसा संबंध येत नसे, कारण रस्त्याने चालताना त्यांची मान कधी वर नसायचीच. बोईसर स्टेशनबाहेरच्या गर्दीतही ते जमिनीकडे बघत चालत आणि मध्येच थांबून म्हणत, "काय हो, अंगठा शिवून घेतला वाटतं?" एकदा मी मेव्हण्याच्या चपला घालून दूध आणायला निघालो होतो. जिन्याखाली काकांनी मला मेव्हणा समजून "मास्तर कसे आहेत?" अशी माझ्याच तब्येतीची चौकशी केली. मी म्हटलं, "मास्तर बरे आहेत, पण वरच्या मजल्यावरच्या आवाजाने त्यांना झोप लागत नाही." काका म्हणाले, "मास्तरांचा स्वभावच किरकिरा आहे," आणि पुढे गेले.

तो वरचा मजला त्यांचाच होता. तारापूरच्या कारखान्यांत मशिनांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, काका दगडांना लागले. घिवलीच्या किनाऱ्यावरचे गोटे, खदाणीतल्या पोकळ्यांत सापडणारी, दगडी सुयांची पांढरीशुभ्र फुलं, अकीक, गारगोट्या, जांभळे स्फटिक, काय वाटेल ते घरी यायचं. ते कापायचं, घासायचं, पॉलिश करायचं आणि काचेच्या कपाटात मांडायचं. काचेचं कपाट भरल्यावर कपड्यांचं कपाट लागलं. काकू सफाळ्याकडच्या. त्या आल्यागेल्याला सांगत, "लोकांकडं तांदलातून खडे काढतात. आमच्याकडं खड्यांना जागा पायजे म्हून तांदूल बाहेर काढलाय."

काकांची दगड पारखण्याची रीत मात्र चारचौघांत बघवत नसे. ते दगड चाटायचे. "कोरडा दगड खोटं बोलतो," ते म्हणत. "ओला केला की रंग कबूल करतो." आमच्या सोसायटीसमोर नवीन इमारतीसाठी खडीचा ट्रक रिकामा झाला, तेव्हा बाकीचे सगळे धुळीच्या नावाने बोटं मोडत होते आणि काका ढिगावर चार पायांवर रांगत एकेक खडा जिभेला लावत होते. तिथला वॉचमन नवीन होता. तो धावत आमच्या घरी आला आणि म्हणाला, "साब, ऊपरवाले अंकल को खाना नहीं मिलता क्या?" माझ्या बायकोने खरंच डब्यात दोन पोळ्या भरून दिल्या. काकांनी त्या ढिगावर बसूनच खाल्ल्या.

खडेकाका म्हटल्यावर काही लोक पत्रिका घेऊनच येत. साडेसातीला कोणता खडा, मुलीच्या लग्नाला कोणता खडा. एरवी शांत असलेले काका अशा वेळी भयंकर चिडत. "माझे खडे कुणाचं भलं करत नाहीत," ते एका पालघरच्या गृहस्थांना म्हणाले होते. "ते दिसायला छान आहेत आणि एका जागी गप्प बसतात. तुमच्या घरात असं किती जणांना जमतं?" गृहस्थ रागावून गेले, पण जाताना एक अकीक मागून घेऊन गेले.

आता त्या आवाजाबद्दल. काकांनी जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून एक आडवं फिरणारं पिंप तयार केलं होतं. त्यात दगड, पाणी आणि घासायची भुकटी भरायची आणि पिंप फिरवत ठेवायचं. दगड एकमेकांवर घासून गुळगुळीत होत. ही गोष्ट तासा-दोन तासांत होत नाही, आठवडेच्या आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे माझ्या डोक्यावर खळ्ळ-गुर्र, खळ्ळ-गुर्र चालू राही. मी तक्रार घेऊन गेलो तर काका म्हणाले, "मास्तर, समुद्र दुसरं काय करतो? त्याला कधी जाऊन बोललात?" मी म्हटलं, समुद्र माझ्या बेडरूमच्या वर नाही. ते त्यांना पटलं. त्यांनी पिंपाखाली जुनी गादी घातली, आणि मग नुसतंच गुर्र येऊ लागलं.

पिंपातला चिखल ते मोरीत ओतत. तो पाइपात जाऊन बसला, वाळला, आणि एक दिवस अख्ख्या विंगचं पाणी तुंबलं. प्लंबरने पाइप कापून आतून राखाडी दांडका बाहेर काढला आणि म्हणाला, "इसमें तो खंभा बन गया है!" सोसायटीची तातडीची सभा भरली. सेक्रेटरी तावातावाने बोलत होते आणि काका मान खाली घालून ऐकत होते. आम्हाला वाटलं, माणसाला पश्चात्ताप झालाय. सेक्रेटरींचं संपल्यावर काकांनी मान वर केली आणि विचारलं, "तो दांडका कुणाला नको असेल तर मी ठेवू का?"

एवढ्या सगळ्यात काकांची इच्छा एकच होती, काकूंनी आपण केलेला एखादा खडा अंगावर घालावा. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते एक खडा मनापासून घडवत. काडीच्या टोकाला लाखेने चिकटवून, चाकावर फिरवून, डोळ्यांत तेल घालून. काकू तो हातात घेत, तोलून बघत आणि म्हणत, "वजन बरंय." मग तो खडा गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर जाई. बोंबील वाळत घातले की त्यांच्या कागदावर चार कोपऱ्यांना चार जांभळे स्फटिक असत. काका ते नुसते बघत. मला एकदाच म्हणाले, "तिला दगड आवडत नाही असं नाही हो, मास्तर. तिच्या कामाचा दगड मला अजून सापडला नाही."

आणि मग तो त्यांना स्वयंपाकघरातच सापडला.

काकूंकडे माहेरून आलेला काळा पाटा होता. त्यांची आई त्यावर वाटायची, मग काकू वाटू लागल्या. मिक्सर घरात होता, पण तो पाहुण्यांसाठी. त्या वर्षी काकू बहिणीकडे दातिवऱ्याला गेल्या आणि काकांच्या मनात आलं की यंदा हिला हिच्याच पाट्याची भेट द्यावी. मग काय, चाक लागलं, भुकट्या लागल्या, खरखरीत, मग मऊ, मग मैद्यासारखी. काकू परत आल्या तेव्हा काकांनी आम्हाला सगळ्यांना वर बोलावलं होतं. त्यांनी पाट्यावरचा टॉवेल ओढला. खोटं कशाला बोलू, मी तसा पाटा जन्मात पाहिला नाही. त्यात छताचा पंखा दिसत होता.

काकूंनी वाकून आपलं तोंड त्यात पाहिलं. "ह्यात चटनी वाटायची, का भांग पाडायचा?" त्या म्हणाल्या. तरी खाली बसल्या, लसूण आणि सुकं खोबरं घेतलं आणि वरवंटा फिरवला. वरवंटाही पॉलिश केलेला. तो सुर्रकन सरकला आणि लसणीची एक पाकळी उडून माझ्या चष्म्यावर बसली. आम्ही सगळे हसलो. काकाही हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या तळहाताने पाटा चाचपत होत्या, मधोमध, पुन्हा पुन्हा.

"खलगा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"तो काढला ना!" काका उत्साहाने म्हणाले. "केवढा खोल होता. सगळा सपाट करून घेतला. उचलायलाही हलका झाला बघ."

"माज्या आयच्या हाताचा होता तो," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

दगड घासणाऱ्या माणसाला खळगा म्हणजे दोष दिसतो. काकांनी आयुष्यभर दोष काढले होते, तसाच हाही काढला. त्यांना ते आता कळलं आणि ते तिथेच पाट्याजवळ बसून राहिले. आम्ही एकेक करत खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून टाकी लावणारी बाई आणली. पाटा गुळगुळीत झाला की ह्या बाया छिन्नीने त्याला पुन्हा खरखरीत करून देतात. तिने पाट्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, हा पाटा नाय, लादी हाय. पातल किती केलाव!" काकांनी आग्रह केला म्हणून तिने छिन्नी ठेवली, हातोडी मारली, आणि पाटा सरळ दोन तुकडे होऊन पडला.

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. स्वयंपाक वेळेवर, डबे घासलेले, पण तोंडातून शब्द नाही. मी वर गेलो की दोघंही माझ्यामार्फत बोलत. "मास्तर, त्यांना सांगा, चहा थंड होतोय." "मास्तर, तिला सांगा, मला दिसतोय." काकांनी बाजारातून नवा पाटा आणला, तो दारातूनच परत गेला. कपाटातला सर्वांत सुंदर जांभळा स्फटिक त्यांनी काकूंच्या उशाशी ठेवला. सकाळी तो पापडांवर होता.

आणि एक दिवस माझ्या डोक्यावरचा आवाज थांबला. एवढी वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या, तो थांबला तर मला चैन पडेना. मी घाबरून वर गेलो. काका गॅलरीत मांडी घालून बसले होते. पाट्याचा एक लहानसा, सुपारीपेक्षा जरा मोठा तुकडा त्यांनी कापून घेतला होता आणि दगडाच्या एका बोटाएवढ्या कांडीने तो मधोमध घासत होते. हाताने. बाजूला मशीन झाकून ठेवलेलं. मी म्हटलं, "चाकावर पटकन होईल की." ते मान वर न करता म्हणाले, "सासूबाई चाकावर वाटत नव्हत्या."

नवरात्रात सुरू केलेलं ते काम दिवाळीपर्यंत चाललं. शेवटी त्या काळ्या तुकड्यात अंगठा बसेल एवढा खळगा झाला. पॉलिश नाही, चमक नाही. वर एक भोक पाडून काळा दोरा ओवला आणि काकांनी तो ओट्यावर, लसणीच्या टोपलीत ठेवला. मी त्या वेळी तिथेच उभा होतो, कारण चहाचा निरोप माझ्याचकडे होता.

काकूंनी तुकडा उचलला. वजन तोललं नाही. त्यांनी खळग्यात अंगठा ठेवला, डोळे मिटले, आणि मग सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "डाव्या बाजूला जास्ती खोल पायजे. आय डावरी होती."

काका तुकडा घेऊन इतक्या घाईने गॅलरीत पळाले, की माझ्या हातातला चहा सांडला. त्यानंतर तो तुकडा कितीदा तरी ओट्यावरून गॅलरीत आणि गॅलरीतून ओट्यावर गेला. "अजून नाय." "कड लागते." "आता जास्ती झाला." काकूंचं बोलणं सुरू झालं होतं आणि त्या ते सोडायला तयार नव्हत्या. मकरसंक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मंगळसूत्राशेजारी तो काळा दगड होता. बायकांनी विचारलं, तर म्हणाल्या, "अजून नीट नाय झाला. घालून बघते."

काका दोन वर्षांपूर्वी गेले, झोपेतच. स्मशानात गुरुजींनी मडक्याला भोक पाडण्यासाठी दगड उचलायला सांगितला. हाच पुढे दहा दिवस जीवखडा म्हणून जपायचा. काकांच्या मुलाने रडत रडत पायाशी असलेला खडीचा तुकडा उचलला. मी तो बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. हा नको. काकांनी हा उचललाच नसता." मी खाली वाकलो आणि शोधू लागलो. गुरुजी घड्याळ बघत होते. एक पांढरी गारगोटी सापडली, मडक्यातल्या पाण्याने ती ओली केली, तर आत तांबूस रेघ निघाली. ती मी मुलाच्या हातात दिली. त्याला रडता रडता हसू आलं. दहाव्यानंतर ती गारगोटी घिवलीच्या समुद्रात सोडली. आता समुद्र तिला घासत असेल, खळ्ळ-गुर्र.

कपाटातले दगड काकूंनी बिल्डिंगमध्ये वाटून टाकले. माझ्या वाट्याला पाइपातला दांडका आला आणि मी तो टेबलावर ठेवलाय. परवा काकू खाली आल्या होत्या. बोलताना त्यांचा अंगठा सारखा गळ्यातल्या त्या खळग्यात फिरत होता. मी विचारलं, "काय काकू, झाला का नीट?"

दगड बोटाने झिजत नाही, हे मला खडेकाकांनीच सांगितलं होतं. काकूंनी तुकडा पुढे केला आणि म्हणाल्या, "त्यांच्या हातून नवता होत. मीच घासला. आता बसतो."

मी अंगठा ठेवून बघितला. बसत होता.